सहलीला निघालेले शिलाई मशीन

शिलाई मशीन म्हणजे घरात खिडकीजवळ कायमची जागा पकडून बसलेली जड वस्तू, अशी आपली कल्पना असते. अमेरिकेतील क्विल्ट शिवणाऱ्यांनी ती केव्हाच मोडीत काढली आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तंबू किंवा आरव्ही, म्हणजे चाकांवरचे छोटे घर, घेऊन कुटुंबे जंगलाजवळ किंवा तळ्याकाठी मुक्कामाला जातात. त्या सामानात मासेमारीची काठी आणि चुलीसोबत एक छोटे शिलाई मशीनही असते. बाकीची मंडळी डोंगर चढायला गेली की झाडाखालच्या लाकडी टेबलावर मशीन मांडले जाते आणि कापडाचे रंगीत तुकडे एकमेकांना जोडले जाऊ लागतात.

क्विल्ट ही आपल्या गोधडीची लांबची बहीण. आपल्याकडे जुन्या साड्या-धोतरांचे थर एकावर एक ठेवून हाताने धावदोरा घालतात. अमेरिकी क्विल्टमध्ये वरचा थर चौकोन-त्रिकोण जोडून नक्षीचा बनवतात, मध्ये कापसाचा किंवा कृत्रिम धाग्यांचा मऊ थर आणि खाली अस्तर. जोडकाम बहुधा मशीनवर होते. घराबाहेर न्यायला यातले सर्वात लाडके मशीन जुने आहे. सिंगर कंपनीने १९३३ मध्ये बाजारात आणलेले ‘फेदरवेट २२१’ हे मशीन ॲल्युमिनियमचे असून त्याचे वजन जेमतेम ५ किलो आहे. त्याचा पुढचा पाट घडी घालून वर उचलता येतो आणि सगळे मशीन एका लहान पेटीत मावते. ते फक्त सरळ टाका घालते. पण तुकडे जोडायला तेवढे पुरते. त्याचे उत्पादन थांबून अर्धे शतक उलटले, तरी जुनी मशीन दुरुस्त करून वापरणारे हजारो लोक आहेत.

हा छंद आरोग्याच्या सदरात येण्याची कारणे दोन. त्यातून मेंदूला आणि मनाला काय मिळते, यावर संशोधन झाले आहे. आणि घरात निरुपद्रवी असलेले हे काम तंबूत नेले की काही धोके नव्याने उभे राहतात. त्यातला एक जीवघेणा आहे, आणि तो मशीनमधून येतच नाही.

मेंदूला नवे काहीतरी लागते

टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस येथील संशोधक डेनिस पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६० ते ९० वयाच्या २२१ व्यक्तींवर केलेला अभ्यास २०१४ मध्ये ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. काहींना क्विल्ट शिवायला शिकवले, काहींना डिजिटल फोटोग्राफी, काहींना दोन्ही. तुलनेसाठी एका गटाने एकत्र जमून गप्पागोष्टी, सहली केल्या, तर दुसऱ्याने घरी बसून संगीत ऐकणे, शब्दकोडी सोडवणे अशी हलकी कामे केली. आठवड्याला सुमारे १५ तास, असे तीन महिने हे चालले. शेवटी नवे कौशल्य शिकणाऱ्यांची स्मरणशक्ती इतरांच्या तुलनेत सुधारलेली आढळली. ही सुधारणा फोटोग्राफी शिकणाऱ्यांत अधिक ठळक होती, हेही सांगायला हवे.

यातून निघणारा अर्थ नेमका समजून घ्यावा. गोधडी शिवल्याने स्मृतिभ्रंश टळतो, असे या अभ्यासाने सिद्ध केलेले नाही. त्याने दाखवले ते एवढेच, की उतारवयात डोक्याला ताण देणारे काहीतरी नवीन शिकल्याने स्मरणशक्तीला फायदा होतो. नुसते एकत्र बसणे किंवा सवयीचे काम करणे तेवढे उपयोगी पडत नाही. म्हणूनच वीस वर्षे एकाच नक्षीच्या गोधड्या शिवणाऱ्या आजींना नवी नक्षी आखण्यातून मेंदूचा जो व्यायाम मिळेल, तो एकविसावी तशीच गोधडी शिवून मिळेलच असे नाही.

दुसरा अभ्यास स्कॉटलंडमधील ग्लासगोचा. तिथल्या एका क्विल्ट मंडळातील २९ जणांशी संशोधकांनी संवाद साधला. रंगांशी खेळताना मन प्रसन्न होते, कामात तंद्री लागली की काळज्या मागे पडतात आणि मंडळातल्या मैत्रीचा आधार वाटतो, असे त्यातून समोर आले. इतक्या कमी लोकांच्या मुलाखतींवरून औषधाची चिठ्ठी लिहिता येत नाही. तरीही आपल्याकडे अंगणात चार बायका एकत्र बसून गोधडी भरतात तेव्हा काय घडते, ते यात ओळखीचे वाटेल.

सहलीत या फायद्याला आणखी एक जोड मिळते. गुडघेदुखीमुळे किंवा दम लागत असल्यामुळे ज्यांना डोंगर चढता येत नाही, त्यांना मुक्कामी बसून स्वतःचे असे काही करता येते. ‘तुम्ही जा, मी सामान सांभाळते’ असे म्हणत मागे राहणाऱ्या व्यक्तीसाठी ही लहान गोष्ट नव्हे.

वीज मशीनला कमी, इस्त्रीला जास्त

आता धोक्याकडे. घरगुती शिलाई मशीनला साधारण १०० वॉटच्या आत वीज लागते. एखाद्या जुन्या पिवळ्या बल्बइतकी. खरी खादाड असते ती इस्त्री. क्विल्टच्या कामात प्रत्येक शिवण घातल्यावर ती दाबून सपाट करावी लागते. तसे न केल्यास प्रत्येक जोडामागे एखाद्या मिलिमीटरचा फरक पडतो आणि बारा जोडांनंतर पट्टी सेंटिमीटरभर वाकडी होते. म्हणून मशीनइतकीच इस्त्रीही हाताशी लागते, आणि ती १००० वॉटच्या पुढची असते.

एक साधे गणित पाहू. सहलीसाठी मिळणाऱ्या ५०० वॉट-तासांच्या बॅटरी संचावर १०० वॉटचे मशीन चार तासांहून अधिक चालेल. त्याच संचावर १२०० वॉटची इस्त्री सतत चालवली तर तो २५ मिनिटांत रिकामा होईल. बऱ्याच संचांना तो भार पेलवतही नाही. जिथे कॅम्पसाइटवर विजेची जोडणी असते तिथे प्रश्न नसतो. जिथे नसते तिथे लोक जनरेटर आणतात. रात्री त्याच जनरेटरवर दिवे आणि हीटर चालतात. पाऊस आला की तो ओसरीखाली किंवा तंबूच्या पडवीत सरकवला जातो, आणि घात होतो तो इथे.

पेट्रोलवर चालणाऱ्या जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या म्हणण्यानुसार एक छोटा जनरेटर शेकडो मोटारींइतका कार्बन मोनॉक्साइड ओकू शकतो. या वायूला रंग नाही, वास नाही आणि तो डोळ्यांना झोंबतही नाही. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूला जितक्या ओढीने धरते त्याच्या दोनशेहून अधिक पट ओढीने या वायूला धरते. परिणामी छाती नीट हलत असते, श्वास चालू असतो, पण मेंदू आणि हृदय यांना प्राणवायू पोहोचत नाही. आगीशी संबंध नसलेल्या, अपघाती कार्बन मोनॉक्साइड विषबाधेने अमेरिकेत दरवर्षी ४०० हून अधिक माणसे मरतात, असे तेथील रोगनियंत्रण केंद्र सांगते.

लक्षणे फसवी असतात. डोके दुखते, मळमळते, गरगरते, गळून गेल्यासारखे होते. दिवसभर उन्हात फिरलो, रात्री उशिरापर्यंत मान मोडून शिवत बसलो, म्हणून असे होत असेल, अशी समजूत करून घेत माणूस आडवा होतो. झोपेत त्याला काहीच कळत नाही. म्हणून दोन खुणा लक्षात ठेवाव्यात. एकाच तंबूतल्या किंवा खोलीतल्या दोन-तीन जणांना एकाच वेळी हा त्रास होऊ लागला, किंवा बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरे वाटून आत आल्यावर पुन्हा डोके दुखू लागले, तर या वायूचा संशय घ्यायलाच हवा.

अशा वेळी सर्वांना लगेच मोकळ्या हवेत आणावे आणि रुग्णवाहिका बोलवावी. आपल्याकडे १०८ हा क्रमांक आहे. जनरेटर किंवा शेगडी बंद करण्यासाठी कोंदट जागेत थांबून राहू नये. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नये. नेहमीच्या ऑक्सिमीटरला कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिन वेगळे ओळखता येत नाही, त्यामुळे आकडा ९८ दिसत असतानाही माणूस गंभीर असू शकतो. रुग्णालयात शुद्ध प्राणवायू दिला जातो. साध्या हवेत रक्तातील हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायूवर ते काम साधारण एक ते दीड तासात होते. गर्भवती, लहान मुले आणि हृदयरोगी यांना धोका अधिक. शुद्धीवर आल्यानंतरही काही रुग्णांत काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी विसरभोळेपणा, स्वभावातील बदल, चालण्यातील अडखळणे दिसू शकते. म्हणून ‘आता बरे वाटते’ म्हणून तपासणी टाळू नये.

प्रतिबंध मात्र सोपा आहे. जनरेटर उघड्यावर, तंबू, गाडी आणि खिडक्यांपासून किमान ६ मीटर दूर आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवावा. तंबूची चेन किंवा खिडकी थोडी उघडी ठेवली म्हणजे पुरते, हा गैरसमज आहे. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो. तो झोपण्याच्या जागी असावा. धुराचा अलार्म हा वायू ओळखत नाही.

हा प्रश्न केवळ अमेरिकेतला नाही. पवनेच्या किंवा भंडारदऱ्याच्या काठी तंबूत राहायला जाणाऱ्यांची संख्या महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत वाढली आहे. डिसेंबरच्या थंडीत रात्री उरलेले निखारे शेगडीत भरून तंबूत घेण्याचा मोह होतो. ज्वाळा नाही, धूर नाही, त्यामुळे ते निखारे सुरक्षित वाटतात; प्रत्यक्षात असे धुमसणारे निखारे भरपूर कार्बन मोनॉक्साइड सोडतात. बंद न्हाणीघरातला गॅस गिझर आणि दुकानाच्या बंद शटरमागचा जनरेटर ही याच वायूची शहरातली रूपे आहेत.

टेबल उंच, बाक ठेंगणे

दुसरा त्रास जीव घेत नाही, पण सहलीची मजा घालवतो. शिवताना मशीनचा पाट साधारण कोपराच्या उंचीवर असावा, खांदे सैल असावेत आणि पाय जमिनीवर टेकलेले असावेत. घरातल्या शिलाईच्या टेबलात मशीन खाचेत बसवलेले असते ते यासाठीच. सहलीच्या लाकडी टेबलाला बाक जोडलेले असते. ते पुढे ओढता येत नाही आणि त्याला पाठही नसते. त्यावर मशीन ठेवले की पाट आणखी चार बोटे वर जातो. मग खांदे उचलले जातात, पाठीला बाक येतो आणि मान पुढे झुकते. माणसाच्या डोक्याचे वजन साधारण साडेचार-पाच किलो असते. ते जितके पुढे झुकेल तितका मानेच्या स्नायूंवरचा भार कित्येक पटींनी वाढतो. वर्षानुवर्षे पायमशीनवर बसणाऱ्या आपल्याकडच्या शिंप्यांना मान, खांदा आणि कंबर यांचे दुखणे का जडते, त्याचे उत्तर इथेच आहे.

यावर उपाय खर्चाचे नाहीत. बाकावर घट्ट उशी किंवा घडी घातलेली सतरंजी ठेवून बसण्याची उंची वाढवावी. पाय लोंबकळू लागले तर खाली पाट किंवा खोके ठेवावे. मशीनच्या मागच्या पायांखाली रबराचे न घसरणारे तुकडे देऊन ते किंचित आपल्याकडे झुकवले की सुई पाहायला मान कमी वाकते. इस्त्री मुद्दाम चार पावले दूर मांडावी, म्हणजे दर थोड्या वेळाने उठणे होते. अर्ध्या-पाऊण तासाने पाच मिनिटे चालून यावे. हाताला मुंग्या येणे, रात्री बोटे बधिर होऊन जाग येणे, मुठीची पकड सैल होणे ही नस दबल्याची लक्षणे असू शकतात. तेल चोळत बसण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवावे.

डोळ्यांचेही असेच. चाळिशीनंतर जवळचे पाहायला चष्मा लागतो, पण वाचनाचे अंतर आणि मशीनच्या सुईचे अंतर सारखे नसते. दुहेरी काचेच्या चष्म्यातून सुई पाहण्यासाठी हनुवटी वर करावी लागते आणि मान आखडते. चष्मा करून घेताना सुई डोळ्यांपासून किती दूर असते ते मोजून सांगितले तर त्या अंतराचा वेगळा नंबर मिळू शकतो. झाडाखालचा कवडशांचा उजेड बारीक टाक्यांना वाईट. सावली एकसारखी असेल अशी जागा निवडावी. रात्री कंदिलाच्या उजेडात काळ्या कापडावर काळा दोरा घालण्याचा हट्ट धरू नये.

सुई, पाते आणि गवत

क्विल्ट कापायला फिरत्या पात्याचे कटर वापरतात. जपानच्या ओल्फा कंपनीने ते १९७९ मध्ये आणले. पिझ्झा कापायच्या चाकासारखे दिसते, पण धार दाढीच्या पात्याची. डुगडुगत्या टेबलावर पट्टी सरकली की ती धरलेल्या हाताच्या बोटाचे टोक कापले जाते. म्हणून अनुभवी मंडळी सगळे तुकडे घरीच कापून, नक्षीप्रमाणे पिशव्या भरून नेतात. सहलीत फक्त जोडकाम करतात.

जखम झालीच तर स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटे दाबून धरावे. थांबले का ते पाहायला मध्येच उघडू नये. नंतर पाणी आणि साबणाने धुवावे. हळद, कॉफीची पूड, टूथपेस्ट जखमेत भरू नये. त्याने जंतू आत जातात आणि टाके घालताना अडचण होते. बोटाचा तुकडा तुटला असेल तर तो ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावा आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. तुकडा थेट बर्फात टाकू नये.

मशीनची सुई नखातून आरपार जाणे हाही नेहमीचा अपघात. अशा वेळी घाबरून हात ओढू नये. मशीनची वीज बंद करावी आणि हातचाक हळू फिरवून सुई वर घ्यावी. सुई मोडली असेल तर तुकडे जुळवून पाहावेत. टोक सापडत नसेल तर क्ष-किरण तपासणी हवीच. धनुर्वाताची लस सहलीला निघण्यापूर्वीच अद्ययावत असावी. शेवटचा डोस घेऊन दहा वर्षे उलटली असतील, किंवा जखम मातीने माखलेली असून पाच वर्षे झाली असतील, तर डोस घ्यावा लागतो.

गवतात पडलेली सुई हा सर्वात दुर्लक्षित धोका आहे. घरात फरशीवर ती चमकते. गवतात दिसत नाही. मधुमेहात तळपायाच्या संवेदना बोथट झालेल्या व्यक्तीला ती रुतल्याचे कळतही नाही, आणि पाय सुजून लाल झाल्यावर उलगडा होतो. टेबलाखाली चादर अंथरावी, सुया मोजून ठेवाव्यात, निघताना लोहचुंबक फिरवावे. मधुमेह असलेल्यांनी मुक्कामाच्या जागी अनवाणी फिरू नये आणि रोज रात्री तळपाय पाहावेत.

ओल्या गवतावरून नेलेली वायर, दव पडलेला प्लग आणि धातूचे मशीन हे एकत्र आले तर विजेचा धक्का बसू शकतो. जोडणीला गळती होताच वीज तोडणारा सुरक्षा स्विच असावा आणि पावसात मशीन बंद ठेवावे. अमेरिकेतून परतताना तिथले मशीन सोबत आणणाऱ्या मराठी कुटुंबांनी आणखी एक पाहावे. तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. ट्रान्सफॉर्मरशिवाय ते इथे लावले तर मोटर जळते.

विजेविना काय?

या सगळ्या यादीत जीवघेणा धोका एकच, आणि तो टाळण्याची किल्ली सामान भरतानाच हातात असते. इस्त्री घरी ठेवली तर जनरेटरची गरज बहुतेक वेळा संपते. शिवण नखाने किंवा गुळगुळीत लाकडी पट्टीने दाबून बसवता येते. कडक इस्त्री घरी परतल्यावर करता येते. मशीनला बॅटरी पुरते. बॅटरीही नको असेल, तर हाताने चाक फिरवायचे मशीन आजही अनेक मराठी घरांत माळ्यावर पडून आहे. ओतीव लोखंडाचे असल्याने ते १२-१५ किलोंचे भरते. उचलताना कंबरेतून न वाकता गुडघे वाकवून, शक्यतो दोघांनी उचलावे. एवढे केले तर त्याला ना वायर लागते ना पेट्रोल.

आणि तेही जमले नाही तर सुई-दोरा आहेच. गोधडीचा धावदोरा घालायला उजेड आणि निवांत वेळ एवढेच लागते. थंडी वाजली तर निखारे तंबूबाहेर पूर्ण विझवावेत आणि आत गोधडी पांघरावी. शेवटी ती शिवली जाते ती ऊब देण्यासाठीच.